ज्याच्या घरचं दुःख, त्याचा माईक

मी आयुष्यभर भाषणं ऐकली. ऐकली म्हणजे ऐकावी लागली. श्रोता कंटाळला तर चपला घालून निघून जातो, पुढच्या रांगेतला पाहुणा मोबाईल काढतो. माईकवाल्याला ती सोय नाही. भाषण संपेपर्यंत त्याला मशीनपाशी बसावं लागतं आणि वर लक्षही द्यावं लागतं. भिलाईत सुपेल्याच्या बाजारात माझं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. आता पुतण्या चालवतो. तो डीजेवाला झालाय, आणि त्याचे बॉक्स वाजू लागले की आमच्या मांडणीवरची भांडी उठून बसतात. मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. बायको म्हणते, ते सोयीपुरतंच.

आमचं घर मूळचं साकोलीकडचं, शेतकऱ्याचं. वडील पोलादाच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही भिलाईकर झालो. मला काही कारखान्यात चिकटता आलं नाही, तेव्हा भोंगे बांधायला शिकलो. लोकांना वाटतं, माईकवाल्याचं काम आवाज वाढवायचं. ते तर कोणीही करेल. खरं काम शिट्टी येऊ न देण्याचं. भोंग्यातून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरला की माईक असा किंचाळतो की पुढे बसलेली म्हातारी माणसं कानावर हात ठेवतात. म्हणून भोंगा कुठे बांधायचा, तोंड कुणीकडे करायचं, हे आधी बघायचं. मग वक्ते. काही वक्ते माईक खातात, काही माईकला भिऊन हातभर लांब उभे राहतात, आणि काही जण तो चालू आहे की नाही हे टिचक्या मारून बघतात. मी आत्ताच 'हॅलो, हॅलो' केलेलं त्यांनी ऐकलेलं असतं, तरी बघतात.

ज्यांच्याकडे मी धंदा शिकलो त्या उस्तादांनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "आपण आवाजाचे हमाल. काय बोलायचं ते बोलणारा बघेल. माईक कधी बंद करायचा ते ज्याच्या घरचं कार्य आहे तो सांगेल. आपण मधे बोट घालायचं नाही." दिसायला सोपा नियम आहे. पाळताना घाम फुटतो.

एकदा कारखान्याच्या गेटवर दोन युनियनांनी एकाच दिवशी गेट मीटिंग ठेवली आणि दोघांनीही मलाच बोलावलं. शिफ्ट सुटायच्या वेळी इकडे एक टेबल, तिकडे एक टेबल, आणि मधे मी. पहिल्या सेक्रेटरीने कानाशी येऊन सांगितलं, "शिवणकर भाऊ, त्याइचा आवाज जरा दाबून ठेवा." थोड्या वेळाने दुसराही तेच सांगून गेला. मी दोन्हीकडे सारखा आवाज दिला. मीटिंग संपल्यावर दोघांनीही मला समोरच्या पार्टीचा माणूस ठरवलं, आणि पुढच्या वर्षी दोघांनीही पुन्हा बोलावलं. एका लग्नात नवरीच्या आजोबांना गायचं होतं. ते म्हणाले, आवाज वाढवा. आजी मागून येऊन म्हणाल्या, बंदच करा. कार्य दोघांच्याही घरचं होतं, मी आजींचं ऐकलं. त्या वऱ्हाडाचे आशीर्वाद मला अजून पुरतात.

भिलाईत विदर्भातून आलेली बौद्ध घरं पुष्कळ. कारखान्यात आणि रेल्वेत कामाला असलेली ही माणसं. त्यांच्या विहारांतले कार्यक्रम वर्षानुवर्षं माझ्याकडे. कार्यक्रम कुठलाही असो, सुरुवात त्रिशरण पंचशीलाने. एक जण म्हणतो आणि बाकीचे हात जोडून, उभं राहून त्यामागे म्हणतात. मशीनमागे बसून बसून मलाही ते पाठ झालं. एकदा पंचशील देणाऱ्या घरडे बाई उशिरा आल्या तेव्हा लोक मलाच म्हणाले, "शिवणकर भाऊ, घ्या तुमीच." मी कुणबी, पण चुकलो नसतो एवढी खात्री होती. या घरांमध्ये माणूस गेल्यावर काही दिवसांनी पुण्यानुमोदन करतात. नातेवाईक, शेजारी, सोबत काम केलेले लोक एकेक करून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. घरचे सगळ्यात शेवटी बोलतात.

ज्या पुण्यानुमोदनाबद्दल मला लिहायचं आहे ते रामटेकेजींच्या मुलाचं. रामटेकेजी कारखान्याच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून निवृत्त झाले आणि बोरसीत घर बांधून राहिले. सुमेध त्यांचा एकुलता मुलगा, फौजेत गाडी चालवायचा. लहानपणी तो माझ्या माईकमध्ये फुंकर मारून पळायचा, म्हणून मी त्याला दमदाटीही केलेली.

तो गेला तेव्हा सीमेवर तणाव होता. टीव्हीवर रोज संध्याकाळी युद्ध सुरू व्हायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आपण ते जिंकायचो. सुपेल्याच्या पानठेल्यांवर उभी असलेली माणसं फौजेला सल्ले द्यायची. कोणी साधं विचारलं की बाबा, नेमकं काय झालं, कशावरून म्हणता, तर लोक त्याच्याकडे असं बघायचे की तो पान न घेताच निघून जायचा. मी स्वतःही गप्पच राहत होतो, धंदेवाल्याला सगळ्यांशी गोड राहावं लागतं.

रामटेकेजी स्वतः दुकानात आले. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"रविवारी पुण्यानुमोदन हाये पोराचं. विहाराच्या अंगणात. लहानच ठेवा."

"तुमी कायले आले इतक्या दूर? फोन करायचा ना."

"घरी बसवत नाई, भाऊ."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. सुमेधला घेऊन फौजेतला जो हवालदार आला होता तो साताऱ्याकडचा, म्हणजे मराठीच. त्याने अंगणात बसून सरळ सांगून टाकलं होतं. पाऊस होता. वळणावर रस्त्याची कड खचली आणि गाडी दरीत गेली. तिथे कठडा नाही. रामटेकेजी हे सांगताना रडले नाहीत. मिलमध्ये ते बरीच वर्षं आपल्या पाळीचा सेफ्टी टॉक घ्यायचे. बाहेरच्यांसाठी सांगतो, काम सुरू होण्याआधी सगळे गोल उभे राहतात, आज कुठे धोका आहे ते एक जण सांगतो, आणि कुठे अपघात झाला असेल तर तो कसा झाला हे जसंच्या तसं सांगतो. त्याच आवाजात ते मला मुलाचं मरण सांगत होते. मला ते ऐकवेना, मी उगाच वायर गुंडाळत बसलो.

शनिवारी नेताजींची माणसं विहारात आली. नेताजी आमच्या भागातले मोठे पुढारी, नाव घेत नाही, दुर्ग-भिलाईवाल्यांना लागतही नाही. मंडप मोठा झाला. सुमेधच्या वर्दीतल्या फोटोचा फ्लेक्स लागला, त्यात नेताजींचा फोटो सुमेधपेक्षा मोठा. वर हिंदीत लिहिलेलं, खून का बदला खून. मला हुकूम झाला की भोंगे पार मोठ्या रस्त्यापर्यंत न्या. मी रामटेकेजींना फोन केला.

"काय करू?"

"लावा. दुःखात घरी आलेल्या माणसाले नाई कसं म्हनू?"

नेताजींबद्दल एक सांगायला हवं. सुमेधला आणलं त्या दिवशी रस्ता मोकळा करण्यापासून सगळं त्यांनीच बघितलं होतं. रामटेके वहिनींपुढे बसून ते खरेखुरे रडले होते, मी पाहिलं आहे. ते वाईट माणूस आहेत असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांना त्या दिवसांत दुश्मनाची एक गोळी हवी होती, आणि कोणीतरी त्यांना ती आणून दिली.

रविवारी अंगण भरलं. पुढे पांढऱ्या साड्यांमधल्या बाया, मागे घोषणा देणारी बाहेरून आलेली पोरं. घरडे बाईंनी पंचशील दिलं. नेताजी माईकच्या जवळच हात जोडून उभे होते, त्यामुळे त्यांचाही आवाज मला मशीनमध्ये ऐकू येत होता. पाचही शीलं त्यांनी म्हटली. चौथंही म्हटलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं सांगणारं.

शेजारी बोलले, सुमेधचे शाळेतले गुरुजी बोलले. मग नेताजी उठले. माईकवाल्याच्या दृष्टीने फार चांगला वक्ता. माईक किती लांब ठेवायचा ते त्यांना बरोबर कळतं.

"सुमेध ने सीने पर गोली खाई है," ते म्हणाले. "दुश्मन की गोली. आख़िरी साँस में उसने अपने साथी से कहा, मेरा बदला लेना. मैं दिल्ली से पूछता हूँ, अब किस बात का इंतज़ार है? और जो लोग आज भी पूछते हैं कि लड़ाई क्यों, वो आकर इस माँ की आँखों में देख लें."

त्यांनी वहिनींकडे हात केला. सगळं अंगण वहिनींकडे बघू लागलं. वहिनी खाली बघत होत्या. मागून घोषणा उठल्या तेव्हा मला आवाज कमी करावा लागला, नाहीतर भोंगे फाटले असते. त्या अंगणातल्या निम्म्या लोकांना गाडीचं माहीत होतं. हवालदार काही कुजबुजून गेला नव्हता. तरी सगळे टाळ्या वाजवत होते, आणि जे वाजवत नव्हते ते इकडेतिकडे बघत होते.

सूत्रसंचालन नेताजींच्याच माणसाकडे होतं. तो आभार मानून संपवायला निघाला, तेवढ्यात रामटेकेजी उठून माईकपाशी आले. शेवटी घरच्यांनी बोलायचं ही रीतच, त्यामुळे त्याला काही म्हणता आलं नाही. रामटेकेजींनी माईक फार लांब धरला. मी आवाज वाढवला.

"जयभीम. मी मराठीतच बोलतो, आज हिंदी जमनार नाई. सुमेधले गोळी नाई लागली. तो गाडी चालवून रायला होता. पाऊस होता. रस्त्याची कड खचली अन् गाडी खाली गेली. त्याच्या संगचा हवालदार माह्या अंगनात बसून सांगून गेला. मरतानी सुमेध काय बोलला ते कोनालेच माईत नाई. त्याच्यापाशी कोनी नव्हतं."

सूत्रसंचालकाने लांबूनच मला गळ्यावरून हात फिरवून दाखवला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही असं केलं, तेव्हा तो माझ्यापाशी आला.

"बंद कर, भैया. बाप है, सदमे में है. बोल दे लाइट चली गई."

आता खरं सांगतो. मी घाबरलो. पुढच्या सीझनची निम्मी कामं त्यांच्याकडून येणार होती. दुकान भर बाजारात, काचेचं. आणि माझं कोणी सीमेवर नव्हतं, मला काय पडलं होतं असंही मनात आलं. पण कार्य कोणाच्या घरचं होतं यात मला शंका नव्हती. मी म्हणालो, "घरवाले बोल रहे हैं. वो बोलेंगे तो बंद करूँगा." त्याने सरळ बटणाकडे हात नेला. मी बटणावर माझा पंजा ठेवला. तो उचलला नाही.

रामटेकेजींना यातलं काही दिसत नव्हतं. ते बोलत होते.

"आमच्या मिलमध्ये मानूस गेला तं दुसऱ्या दिवशी उभं राहून सांगत होतो, कसा गेला. कावून? तिथं पुन्हा कोनाचा हात जाऊ नये म्हनून. तुमी म्हनता गोळीनं गेला. मंग त्या वळनाचं कोन सांगन? तिथं कठडा नाई. तो हवालदार उद्या त्याच वळनावरून गाडी नेईन. लढाई करायची का नाई, ते मोठे लोक ठरवतीन. करायची असन तं खऱ्या कारनानं करा. माह्या पोराले त्यात घालू नका. तो ड्युटीवर गेला, हे कमी हाये का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "बूढ़े को बैठाओ." त्यावर आणखी दोघांचे आवाज आले. एक खुर्ची पडली. आता मारामारी होणार, असं मला वाटलं. रामटेकेजींनी घरडे बाईंकडे वळून पाहिलं.

"बाई, पंचशील पुन्हा द्या. इथं चौथं मोडलं. मी गुमान ऐकत बसलो, म्हनजे मीबी मोडलं."

एका कार्यक्रमात सुरुवातीला एकदाच पंचशील घेतात. बाईही जरा थांबल्या. मग पदर सावरून माईकपाशी आल्या आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, "शील मोडलं तर पुन्हा घेता येते. उभे रहा सगळे."

पुढच्या बाया उठल्या. मग सगळं अंगण उठलं. पंचशील सुरू झालं की उभं राहायचं, हे या लोकांच्या अंगात मुरलेलं. मागची पोरं घोषणा द्यायच्या बेतात होती, पण समोर इतकी माणसं हात जोडून उभी राहिल्यावर त्यांची तोंडं मिटली. नेताजीही उभे राहिले, दुसरं करणार काय. बाई एकेक शील देत गेल्या आणि लोक म्हणत गेले. चौथ्याला आवाज एकदम मोठा झाला, मी मशीनला हात न लावता. नेताजींचे ओठ त्या वेळी हलले नाहीत. ते बाईंकडे बघतही नव्हते, फ्लेक्सकडे बघत होते.

जाताना ते रामटेकेजींपुढे हात जोडून वाकले. माझ्यापाशी क्षणभर थांबून म्हणाले, "आवाज़ अच्छा था." ते कौतुक होतं की ताकीद, हे मला पुढच्या सीझनला कळलं. त्यांच्याकडचं एकही काम आलं नाही, आणि त्यांचं बघून इतरांनीही माझा नंबर गाळला. दुकानाची काच मात्र फुटली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुतण्या चिडला होता. म्हणाला, "काका, एक बटन ही तो था. तुमाले काय गरज होती?" त्याच्या वयात मीही तेच म्हणालो असतो.

या सगळ्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याचं वाईट वाटतं ते वेगळंच आहे. काही दिवसांनी मी विहारात राहिलेली वायर आणायला बोरसीला गेलो. त्यांच्या घरी डोकावलो, तर रामटेकेजी बाहेर गेलेले. वहिनींनी पाणी दिलं आणि दाराशी बसल्या.

"भाऊ, तुमी त्याइचा माईक बंद कावून नाई केला?"

मी म्हणालो, "वहिनी, ते खरं बोलून राहिले होते."

"खरं तं मलेबी माईत होतं," त्या म्हणाल्या. "पन मले गोळीच बरी वाटली होती. गोळी लागली तं मानूस एका झटक्यात जाते. ते नेताजी बोलले तवा मी म्हटलं, असंच झालं असन. आता डोळे मिटले का गाडी दिसते. किती वेळ पडून होता पोरगा. पानी मांगलं असन त्यानं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवून उठलो. खोटं नेताजींचं होतं, पण त्याच्या आड एक बाई घटकाभर विसावली होती, आणि ते ओढून घ्यायला माझा पंजाही लागला होता. तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. पण त्या दिवशी परत येताना मला वाट दिसेना.

युद्धाची बोलणी हळूहळू विरली. टीव्हीला दुसरं काही मिळालं. बोरसीच्या रस्त्यावर मात्र सुमेधच्या नावाची कमान उभी राहिली, नेताजींनीच उभी केली. तिच्यावर हिंदीत लिहिलं आहे की तो दुश्मनाशी झुंजताना गेला. रामटेकेजी सगळीकडे सांगून थकले की एवढी ओळ बदला. लोक म्हणाले, काका, इतक्या सन्मानाचं आहे, राहू द्या. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात रामटेकेजींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली.

सुमेधच्या स्मृतिदिनाला मला निरोप आला. या खेपेला मंडप नाही, फ्लेक्स नाही, विहाराच्या अंगणात ओळखीचीच माणसं. घरडे बाईंनी पंचशील दिलं. दोघं-तिघं बोलले. घरच्यांची वेळ आली तेव्हा रामटेकेजींनी खुर्चीतूनच वहिनींना हाताने खूण केली. त्या कधी माईकवर बोललेल्या नव्हत्या. त्यांनी लाटणं धरावं तसा माईक धरला. मी हळूच जाऊन तो त्यांच्या तोंडापाशी आणून दिला.

"परवा हवालदाराले फोन लावला मी," त्या म्हणाल्या. "दर महिन्याले लावून रायली. विचारलं, बाबू, त्या वळनावर कठडा झाला का? नाई झाला म्हने, काकू. माह्या पोराले गोळी नाई लागली. त्याची गाडी घसरली. तो उशिरापर्यंत जिवंत होता का, ते मी आता विचारत नाई. मी फक्त कठड्याचं विचारते. इथं कमान झाली. तिथं कठडा नाई झाला. हेच सांगायचं होतं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रामटेकेजी चांगल्या हाताने गुडघा धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनी माईक घेऊन माझ्यापाशी आल्या.

"भाऊ, आवाज त्या कमानीपर्यंत गेला का?"

"नाही वहिनी. इतक्या लांब नाही जायचा."

"मंग पुढच्या वर्षी भोंगे वाढवा," त्या म्हणाल्या, आणि रामटेकेजींचे डोळे पुसायला गेल्या.